23 फुटांची ट्रेल आणि एसटीची पायरी

मे 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालाला आलिया भट्टने सब्यसाची मुखर्जी यांची साडी नेसली. तेव्हापासून ते छायाचित्र माझ्या दुकानात किती मोबाइलांवर येऊन गेलं त्याची गणती नाही. फिकट हिरवा रंग, त्यावर हाताने भरलेली फुलं आणि पाठीमागे पायऱ्यांवर पसरलेली 23 फुटांची ट्रेल. 163 जणांचे हात त्या साडीला लागले होते. मी पालघर जिल्ह्यातल्या मनोरला पंचवीसेक वर्षं बायकांचे कपडे शिवते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत लेहेंगे. ते भरतकाम मी बोटांनी मोठं करून करून पाहिलं. एवढी निगुतीची कारागिरी डोळ्यांना सुख देते, आणि ती करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण शिवणारीचं लक्ष कापडाच्या लांबीकडे गेल्याशिवाय राहत नाही. सहावारी साडी म्हणजे 18 फूट. नुसती ती ट्रेलच त्याहून 5 फूट जास्त. म्हणजे एक अख्खी साडी आणि वर दीड वाराहून जास्त कापड अंगाला न लागता जमिनीवरून फरफटत जाणार.

आता 27 फुटांचं सांगते. नऊवारी लुगडं तेवढं असतं. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात उतरलेल्या जुन्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. लुगडं गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं, काष्टा मागे घट्ट खोचलेला, पदर कमरेला. पैसे कनवटीला, बांधावरची भाजी ओच्यात. ट्रेलपेक्षा 4 फूट जास्त कापड अंगावर, पण बाई वाकते, बांध चढते, डोक्यावर रोपांचा भारा घेते, कडेवर मूल घेते आणि कापड कुठे अडकत नाही. शिवाय ती सुंदर दिसते. मागचा तो काष्टा कमरेखाली जसा बसतो तसा बसवायला मला आजही दोनदा टाचण्या लावाव्या लागतात, आणि आमच्या आज्या तो आरशाशिवाय बसवायच्या.

म्हणून माझं भांडण जास्त कापडाशी नाही, जड भरतकामाशी नाही, महागाईशी तर अजिबात नाही. माझा सवाल एकच आहे: हे कापड सांभाळायचं कोणी? नऊवारीचं कापड नेसणारी स्वतः सांभाळते. 23 फुटांची ट्रेल सांभाळायला मागे माणसं लागतात. मेट गालाच्या चित्रफिती बघा. आलिया पायरी चढते, थांबते, मागचे लोक ट्रेल उचलतात, पसरतात, नीट करतात, मग ती पुढची पायरी चढते. छायाचित्रात ती माणसं नसतात. आमच्याकडे पोचतं ते छायाचित्र.

दोन वर्षांमागे विक्रमगडकडची एक मुलगी लग्नाचा लेहेंगा शिवायला आली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, स्वतःच्या पगारातून पैसे साठवलेले. मोबाइलवर एका मोठ्या डिझायनरचा लेहेंगा, मागे लांबलचक ट्रेल, ब्लाऊज पाठीला उघडा, बाह्या कोपरापर्यंत आवळलेल्या. "मावशी, असंच पाहिजे," म्हणाली. बरोबर तिची आई होती. आईने चित्र पाहिलं आणि म्हणाली, "बाय, एवढा लोळता कपडा धरंल कोण तुझा?" मुलगी म्हणाली, "करवली धरेल." करवली म्हणजे तिची आठवीतली धाकटी बहीण.

मी त्या मुलीला नाही म्हटलं नाही. तिने तिच्या कमाईतून एका दिवसासाठी राणीसारखं दिसायचं ठरवलं होतं, आणि तो तिचा हक्क आहे. खेड्यातल्या मुलीने साधंच नेसावं, डिझायनरच्या गोष्टी तिच्यासाठी नाहीत, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण लग्न मे महिन्यात, मांडव शेतात, धूळ बसावी म्हणून सकाळी जमिनीवर पाणी मारलेलं. ओल्या मातीवरून नेट आणि सॅटिन ओढत नेलं तर वरमाला गळ्यात पडेपर्यंत घेर तळापासून हातभर लाल होणार. आणि ती आठवीतली पोर आख्खं लग्न बहिणीच्या मागे वाकून काढणार, तिला ना जेवता येणार ना नाचता.

शेवटी आम्ही ट्रेल वेगळी शिवली. कमरेच्या पट्टीखाली आतून काज आणि हुक लावले, वर भरतकामाचा पट्टा बसवला म्हणजे जोड दिसत नाही. फोटोच्या वेळी ट्रेल लावायची, फोटो झाले की काढून बॅगेत. लेहेंग्याची उंची मी तिला लग्नातली चप्पल पायात घालायला लावून मोजली आणि घेर जमिनीपासून दोन बोटं वर ठेवला. उघडी पाठ तशीच ठेवली, फक्त आतून पट्टी दिली, म्हणजे वाकून पाया पडताना खांदा उतरत नाही. आवळलेल्या बाहीला कोपराच्या आतल्या बाजूला तिरप्या कापडाचा तुकडा जोडला. बाही दिसते तेवढीच आवळ, पण हात दुमडतो. एवढ्याने तिचं चित्र काही बिघडलं नाही.

डिझायनर लोकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, रॅम्पवरचा कपडा म्हणजे कला, तिथे सोय कशाला शोधता? हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. 30 मार्च 2023 ला डिऑर या फ्रेंच कंपनीने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर मोठा शो केला होता. भरतकाम मुंबईच्याच चाणक्य संस्थेतल्या कारागिरांचं होतं, आणि त्यांनी केलेलं भलंमोठं तोरण गेटवेच्या कमानीला लावलं होतं. ते तोरण मला फार आवडलं. चाणक्यची शाळा बायकांना आरी-जरदोसी शिकवते, जे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुष करत आले. त्या तोरणाला कोणी विचारणार नाही की तू पायऱ्या कशा चढणार. कमानीला लटकायचं, बघणाऱ्याने बघायचं. ती कला, आणि तिथे माझा सवाल लागू होत नाही. पण तेच भरतकाम बाईच्या अंगावर चढवलं की त्या कलेत एक जिवंत माणूस आलं. त्या माणसाला श्वास घ्यायचा आहे, बसायचं आहे. तिचा विचार न करता बेतलेल्या कपड्यात बाईचा हँगर झालेला असतो, आणि ते मला शिवणकामातलं अपुरेपण वाटतं, कितीही मोठ्या नावाचं असलं तरी.

बाथरूमबद्दल तर कोणी लिहीतच नाही. मोठ्या घेराचा लेहेंगा, आत कॅनकॅनचे दोन-तीन थर, कमरेला नाडी आणि वर घट्ट चेन. एकटीने जाणं शक्य नाही. म्हणून नवऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. मे महिन्यातल्या पालघर जिल्ह्यात, दुपारच्या मुहूर्ताला, पाणी न पिता. मी शिवलेल्या लेहेंग्यातली एक नवरी हार घालताना चक्कर येऊन खाली बसली होती, तेव्हापासून प्रत्येक मुलीला मी हे तोंडावर विचारते. मुली लाजतात, आया हसून विषय बदलतात, पण मी उत्तर घेतल्याशिवाय कापडाला कातरी लावत नाही. चेन पाठीमागून काढून डाव्या कुशीला घेतली आणि कॅनकॅन अस्तरापासून सुटा, वेगळ्या परकरासारखा केला, की एका मैत्रिणीच्या मदतीने काम भागतं. हा उपाय काही माझा शोध नाही. कुठल्याही अनुभवी शिंप्याला सुचेल, प्रश्न मनात यायला हवा एवढंच.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही आणि आजचंही नाही. 1910 च्या सुमाराला पॅरिसच्या पॉल प्वारे या डिझायनरने असा झगा आणला की घोट्याशी घेर इतका आवळ, बाईला वीतभर पाऊल टाकता येईल तेवढीच जागा. त्याआधी कंबर आवळणारे कॉर्सेट बायकांच्या अंगावरून उतरवण्यात प्वारेचा मोठा वाटा होता, आणि त्यानेच मग पाय बांधले. फॅशन पसरली. 1912 मध्ये न्यूयॉर्कमध्ये खास कमी उंचीच्या पायरीची ट्राम रस्त्यावर आली, कारण बायकांना जुन्या पायऱ्या चढता येईनात. झगा तसाच राहिला आणि ट्राम खाली आली.

मनोरच्या मुलीसाठी एसटी खाली येणार नाही. आमच्या स्टँडवरून पालघरला जाणारी गाडी पकडायची म्हणजे पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. ती चढायची, एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने पर्स आणि डबा, मग वाघोबा खिंडीची वळणं बहुतेक वेळा उभ्याने. पुढे पालघर स्टेशनचा जिना, गर्दीच्या वेळेची गाडी. डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये आली तेव्हापासून आमच्याकडच्या कितीतरी जणी विरार, बोरिवलीपर्यंत नोकरीला जातात. मस्तान नाक्यावर महामार्ग ओलांडायचा तर पळावं लागतं. आवळ कुर्ता, बाजूला चीरच नाही, खिसा नाही, असा शहरी मापाचा तयार कपडा घालून या मुली माझ्याकडे येतात आणि सांगतात, "मावशी, थोडी चीर वाढवून द्या." दर आठवड्याला चीर वाढवायची कामं असतात. बड्या डिझायनरच्या रॅम्पवरून उतरलेलं रूप दोन-तीन वर्षांत स्वस्त कापडात बाजारात येतं. मूळ कपड्यात निदान उत्तम रेशीम असतं, आत सुती अस्तर असतं. नकलेत अस्तरालासुद्धा पॉलिस्टर. उन्हाळ्यात त्याच्या आत काय होतं ते मुली अंगावरच्या घामोळ्यांतून दाखवतात.

सुंदर आणि सोयीचं एकत्र होत नाही हे म्हणणं मात्र मला मुळीच पटत नाही. कोको शनेलचं उदाहरण घ्या. युद्धात दुकान बंद करून बसलेली ही बाई 1954 मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी पुन्हा उभी राहिली. तिच्या जॅकेटांचं जगभर नाव झालं ते बटणांमुळे किंवा ट्वीड कापडामुळे असं लोकांना वाटतं. शिवणाऱ्याला विचारा, तो मुंढा दाखवेल. शनेल मुंढा उंच, काखेच्या अगदी जवळ कापायची आणि बाही पुन्हा पुन्हा उसवून बसवायची. मुंढा खोल कापणं सोपं. कपडा पटकन अंगात जातो, बाईला दुकानात मोकळं वाटतं. पण हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो, कंबर उघडी पडते. उंच मुंढ्यात बाही बसवायला कसब लागतं. बाहीच्या वरच्या गोलाव्यात थोडं जास्त कापड घेऊन ते चुणी न दिसता जिरवावं लागतं. ते जमलं की बाई फळीवरचा डबा काढू शकते आणि ब्लाऊज जागचा हलत नाही. आणि गंमत नव्हे, खरं सांगते, तोच ब्लाऊज दिसायलाही जास्त रेखीव असतो. हात मोकळा ठेवणारा काप आणि सुंदर दिसणारा काप इथे एकच आहे. रॅम्पवरच्या मुलीचे हात बाजूला सोडलेले असतात, म्हणून वाईट मुंढा तिथे उघडा पडत नाही.

याच्या विरुद्ध बाजूलाही सत्य आहे, तेही मांडायला हवं. शनेल पुन्हा उभी राहण्याआधी, फेब्रुवारी 1947 मध्ये क्रिस्तियां डिऑरने मोठमोठ्या घेरांचे, बारीक कमरेचे झगे आणले. ब्रिटनमध्ये तेव्हा कपड्यांवर रेशन होतं आणि पुढे दोन वर्षं राहिलं. एका घागऱ्याला एवढं कापड, ही उधळपट्टी, असं म्हणत काही बायकांनी निषेध केला. पण कितीतरी बायकांना तो घेर हवाहवासा वाटला, आणि त्यांचं मला पूर्ण कळतं. युद्धात वर्षानुवर्षं मोजूनमापून कापड वापरल्यावर माणसाला मुबलक नेसावंसं वाटणारच. आमच्याकडेही जिने लहानपणी बहिणीचा उसवून लहान केलेला फ्रॉक घातला, तिला लग्नात बारा कळ्यांचा घेर पाहिजे असतो. तो मी आनंदाने शिवते. घेर चालतो, घेर फिरतो, घेरात बाई नाचू शकते. जमिनीवर लोळणारी शेपूट आणि हात न उचलू देणारी बाही, या दोन गोष्टींना मात्र घेराचं कारण पुढे करता येणार नाही.

आपल्याकडच्या डिझायनरांत हे कळलेली माणसं आहेत. मुंबईच्या अनिता डोंगरे लेहेंग्याला खिसे देतात. भरजरी, नवरीच्या लेहेंग्याला. मोबाइल ठेवा, रुमाल ठेवा. एप्रिल 2016 मध्ये ब्रिटनची केट मिडलटन मुंबईला आली तेव्हा ओव्हल मैदानावर मुलांबरोबर क्रिकेट खेळली ती डोंगरेंचा भरतकामाचा झगा घालूनच; बॅट फिरवली, धावली. याच डोंगरेंच्या संस्थेने आमच्या जिल्ह्यात, मनोरवरून गुजरातकडे जाणाऱ्या महामार्गावर असलेल्या चारोटीत, गावातल्या बायकांसाठी शिवणकामाचं केंद्र उभं केलं. शिवणारी बाई स्वतः शेतावर जाणारी, विहिरीवरून पाणी आणणारी असेल तर कपडा कुठे अडकतो हे तिला सांगावं लागत नाही. डिझायनरने तिला विचारलं पाहिजे एवढंच. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स तर आणखी पुढे गेले. पॅरिसची फॅशन शिकून आलेला हा माणूस शेतात राबणाऱ्या कुणबी बायकांच्या आखूड, चौकड्यांच्या साडीकडे गेला, ती पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर आणली. त्यांचे कपडे हलके, वाऱ्याला वाट देणारे. 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, फेब्रुवारी 2020 मध्ये ते गेले. गोव्याच्या दमट हवेत बाईने काय घालावं याचा विचार त्यांनी आधी केला आणि मग देखणेपण त्यातूनच काढलं. आमच्या किनाऱ्याची हवा गोव्यासारखीच दमट, म्हणून मला ते जवळचे वाटतात.

उलट नऊवारीचं आपण स्वतः काय केलं आहे ते बघा. शिवलेल्या नऊवारीला हल्ली खूप मागणी आहे. पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी बाजारातली नावं. परकरासारखी पायात घालायची, चेन लावायची, झालं. शिवायला माझी हरकत नाही, आजच्या मुलीला दोन मिनिटांत नेसता यावी हे चांगलंच. पण बरीच दुकानं कापड वाचवायला काष्ट्यातली कळी अरुंद कापतात. मग मुलगी मांडी घालून बसली की टीप उसवते, ढोलपथकात वाकली की मागे फाटते. ज्या नेसणीचा सगळा जीव पाय मोकळे ठेवण्यात होता ती आपण दिसण्यापुरती उरवली. काष्ट्याच्या मधल्या जोडाला तिरप्या कापडाची रुंद कळी द्यावी आणि टीप दुहेरी मारावी, माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलींना मी पहिल्यांदा हेच शिकवते.

खारघरला निफ्टमध्ये किंवा मुंबईच्या फॅशनच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना माझं मनापासून सांगणं आहे. तुमचं चित्र कागदावर कितीही झोकदार असू द्या, कपडा पूर्ण झाला की तो घालून एक मुलगी एसटीत चढवा. तिला उकिडवं बसू द्या, कडेवर मूल घेऊ द्या, स्वतःच्या हाताने वेणी घालू द्या. तिथे जे अडेल ते कापात सुधारा. भरतकाम एका टाक्यानेही कमी करू नका. हे जमवणं अवघड आहे हे मला रोजच्या कामातून माहीत आहे, आणि तुम्हाला इतकी वर्षं शिकवतात ती अवघड गोष्टीसाठीच.

माझ्या दुकानात यंदाच्या लग्नसराईपासून प्रत्येक लेहेंग्याच्या उजव्या शिवणीत खिसा आहे, कोणी सांगो न सांगो. मोबाइल मावेल एवढा, आतून सुती कापडाचा, वजनाने घेर एका बाजूला ओढू नये म्हणून वर कमरेच्या पट्टीत पकडलेला. त्याची शिलाई वेगळी लावत नाही.